क्लॅरिनेट मधेच का रुसते?

सबमिशनच्या धामधुमीत क्लॅरिनेटवर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण वरातीत आपण ज्या बँडपुढे नाचतो त्यातलं हे वाद्य, आणि त्याचा बिघाड शोधताना माझी तीन आठवडे झोप उडाली होती.

गॅदरिंग जवळ आलं होतं. माझी सेकंडहँड क्लॅरिनेट होस्टेलच्या खोलीत छान वाजायची आणि हॉलमधल्या प्रॅक्टिसला दगा द्यायची. डाव्या हाताचे सूर ठीक, पण उजव्या हाताची बोटं ठेवली की सूर फाटायचा, नाहीतर एकदम वर उडायचा. बोट जोरात दाबलं की कधी सुधारायचा, कधी नाही. गाणारे मित्र वैतागले. 'त्यापेक्षा कीबोर्ड घेऊ' इथपर्यंत गोष्ट आली.

मी संशय घेतला रीडवर, म्हणजे तोंडाजवळच्या पत्तीवर. तीन रीड बदलल्या. चहाचे पैसे गेले, दुखणं तिथंच.

शेवटी गंगावेशीजवळच्या एका बँड पार्टीतल्या वयस्कर काकांना गाठलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "पत्ती खराब आसती तर सगळेच सूर बिघडले असते की. हवा मधनं कुठनं तरी जातीया, ते बघ आधी."

इथं थोडी थिअरी लागते. बासरी दोन्ही टोकांना उघडी, म्हणून जोरात फुंकली की सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटची नळी सरळसोट आणि रीडकडचं टोक बंद असल्यासारखं, त्यामुळे तिच्यात मुख्यतः १, ३, ५ असे विषम हार्मोनिक्स येतात. म्हणून तिची उडी तिप्पट कंपनसंख्येवर, थेट तार सप्तकातल्या पंचमावर जाते. या उडीसाठी डाव्या अंगठ्याजवळ एक चावी असते, ती दाबली की वरच्या बाजूला एक बारीक भोक उघडतं. म्हणजे मुद्दाम केलेली गळतीच! मग दुसरीकडे केसाएवढी फट राहिली तर तीही तेच करणार, आपल्याला न विचारता. आणि जे सूर ते भोक बंद ठेवून वाजतात तेवढेच बिघडणार. माझी गळती कुठं, ते आता कळलं.

दोन्ही तुकडे वेगळे केले. खालचं टोक तळहातानं बंद, भोकं बोटांनी बंद, आणि हळूच हवा ओढली. दोन्ही पास. जोडून, टोक गुडघ्यावर दाबून पुन्हा ओढली, तर नापास. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खोलीत क्लॅरिनेट जोडलेलीच पडून असायची, हॉलवर मात्र केसमधून काढून घाईत जोडायचो!

सांध्यावर दोन छोट्या पट्ट्या एकमेकींवर येतात, तो ब्रिज. बोएम पद्धतीच्या क्लॅरिनेटवर (ही क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आणली) उजव्या हाताची रिंग दाबली की खालचं पॅड बसतं आणि ब्रिजमार्फत वरचंही एक. दोन्ही एकाच क्षणी बसायला हवीत. सांधा जरा फिरला किंवा पट्ट्यांमधला कॉर्क जाड असला की वरचं आधी टेकतं, खालचं अधांतरी. जोर लावला की धातू किंचित लवतो आणि फट मिटते. म्हणून हा लपंडाव.

सिगारेटच्या कागदाच्या दोन बारीक पट्ट्या घेतल्या (रेक्टर सर, फक्त कागद!). एकेक पट्टी दोन्ही पॅडखाली धरून रिंग हलकेच दाबली आणि ओढून पाहिली. वरची अडकली, खालची सुळकन निघाली. कुणीतरी पूर्वी तिथं जाडजूड कॉर्क चिकटवला होता. बारीक पॉलिशपेपरनं तो थोडा थोडा घासला, दर वेळी कागद ओढून पाहिला. तासाभरानं दोन्ही पट्ट्या सारख्याच अडकायला लागल्या. जोडताना वरच्या तुकड्याच्या रिंगा दाबून ठेवायच्या, म्हणजे ब्रिजची पट्टी वर उचलली जाते आणि वाकत नाही, हे काकांनी नंतर दाखवलं. ते आधी कुणी सांगितलं असतं तर!

गॅदरिंगला कीबोर्ड आला नाही. आता पावसाळ्यात सांधा फुगून घट्ट होतो, तेव्हा त्याच्या कॉर्कला ग्रीस लावतो. गुळगुळ आवाज आला तर भोकात पाणी साचलेलं असतं. पॅडखाली टीपकागद धरला की ते शोषलं जातं.