खेळातली अक्षरे

परीक्षा झाली, निकाल लागला, की शाळा बंद होते. मग पोरं दिवसभर झाडाखाली. विटी-दांडू, लगोरी, खो-खो. आपण म्हणतो, "खेळू दे. शाळा उघडली की अभ्यास आहेच."

खेळू द्यावेच. पण लहान मुलाची अक्षरे अजून कच्ची असतात. पुष्कळ दिवस पुस्तक उघडले नाही, तर ती पुसट होतात. विळा नुसता ठेवला तर गंजतो ना, तसेच हे. आपणही नुकते वाचू लागलो आहोत. आपलेही तेच होते.

मग पोराला खेळातून ओढून पाटीपुढे बसवायचे काय? आम्ही तसे सांगणार नाही. खेळातच अक्षरे आहेत, आकडेही आहेत. तेवढे दाखवून द्यायचे.

विटी-दांडू घ्या. विटी लांब पडली, की पोरं दांडूने अंतर मोजतात. वकट, लेंड, मुंड, नाल. गावोगाव हे शब्द थोडे बदलतात. आता शेजारची तेलुगू भाषा बघा. तिच्यात एक म्हणजे ओकटि, दोन म्हणजे रेंडु, तीन म्हणजे मूडु, चार म्हणजे नालुगु. आहे ना सारखेपणा? मुलांना हे सांगा. मग दांडू पट्टीने मोजायला लावा. समजा, दांडू ४५ सेंटिमीटर भरला. विटी १० दांडू दूर पडली. अंतर झाले ४५० सेंटिमीटर, म्हणजे साडेचार मीटर. हे गणितच झाले, आणि पोरगं खेळातून उठलेही नाही.

खो-खोत पाठलाग करणारे गडी ९. त्यांतले ८ ओळीत बसतात. एकाचे तोंड इकडे, तर दुसऱ्याचे तिकडे. नववा पळतो. बसायच्या जागी प्रत्येकाचे नाव काडीने मातीत लिहायला सांगा. ज्याने त्याने आपले नाव वाचून बसावे. त्यांत मुलींचीही नावे हवीत. पोरगा मैदानात आणि पोरगी भांड्यांपाशी, असे नको. शाळा दोघांची, तशी सुटीही दोघांची.

सांजेला जेवणाआधी थोडा वेळ मुलाला जवळ घ्या. पुढचा मजकूर त्याला मोठ्याने वाचू द्या.

"कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव मोठे पैलवान होते. ऑलिंपिक ही साऱ्या जगाच्या खेळाडूंची स्पर्धा. १९४८ साली ती लंडनला झाली. खाशाबा तिथे गेले. त्यांचा नंबर सहावा आला. ते खचले नाहीत. त्यांनी आणखी मेहनत केली. १९५२ साली स्पर्धा फिनलंड देशात हेलसिंकी शहरी होती. जायला पैसे नव्हते. लोकांनी मदत केली. खाशाबा गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. असे पुढचे पदक १९९६ साली आले. ते लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले."

वाचून झाले, की विचारा. दोन पदकांच्या मध्ये किती वर्षे गेली? १९९६ वजा १९५२. उत्तर ४४ आले पाहिजे. मुलाचे चुकले तर ओरडू नका. पुन्हा करू द्या. तुम्ही एखाद्या जोडाक्षराला अडलात, तर मुलाला विचारा. त्यात कमीपणा नाही. बाप विचारतो, आई विचारते, हे पाहून मुलाला वाचायचा हुरूप येतो.

करून पाहा
१. तुमच्या लहानपणीचा एक खेळ मुलाला शिकवा.
२. त्याचे नियम सांगा. मुलाने ते वहीत लिहावेत.
३. दुसऱ्या दिवशी ते तुम्ही वाचून दाखवा. एखादा नियम राहिला असेल, तर तो आपल्या हाताने लिहा.