थिनरची बाटली आधी खाली ठेव

फोटो बघितले गं. रडारड नंतर कर, आधी ती थिनरची बाटली खाली ठेव बघू. रंगारी म्हणतोय ना, “ताई, एका फडक्यात निघेल”? निघेल की. पांढरे ठिपकेही निघतील आणि त्यांच्याबरोबर गाडीची चकाकीही. त्याची काही लबाडी नाही त्यात. त्याचा हात लोखंडी ग्रिलवर बसलाय आणि लोखंडाला थिनरने काही होत नाही.

गाडीचं तसं नसतं. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात तो, त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. डोक्यावरचा केससुद्धा बहुतेक वेळा त्याहून जाड भरतो. ऊन, पाऊस, कावळ्यांची घाण, सगळं तो एवढासा थर झेलतो. त्यात तुझा मागचा बंपर गॅरेजमध्ये रंगवलेला. तो कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला रंग नव्हे, थिनर लागला की सुरकुतून वर येईल. आणि हेडलाइटची काच आपण म्हणतो, पण ते असतं प्लास्टिक. त्याला थिनर लागला तर मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी होईल ती.

आता एक काम कर. रंगाचा डबा कुठला ते बघ आणि त्याच्या लेबलचा फोटो काढून मला पाठव. सगळं त्यावर अवलंबून आहे. भिंतीचा प्लास्टिक पेंट असेल तर नशीबवान आहेस, तो पाण्यातला. गरम पाण्यात शॅम्पू घालून ओलं फडकं ठिपक्यांवर दहा मिनिटं ठेवलंस की बरेचसे मऊ पडतील. ग्रिलचा ऑइलपेंट असेल तर पाण्याला दाद देणार नाही. पण तो हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो, म्हणून या आठवड्यात सुटेल ते पुढच्या महिन्यात सुटणार नाही. आणि वरच्या मजल्यावर त्या पॉलिशवाल्याने दारांना पीयू मारलं असेल, तो फवारा असेल तर मात्र स्वतः काही करत बसू नकोस. दोन डबे मिसळून केलेला असतो तो, एकदा आवळला की सहजासहजी सोडत नाही. सोनाराकडूनच कान टोचून घे.

ऑइलपेंट आहे असं धरून सांगते, कारण मला तरी फोटोत तेच दिसतंय. आधी गाडी सावलीत घे आणि भरपूर पाण्याने धू, नुसती धूळ काढायला. धुळीवर काहीही घासलंस की ओरखडे तूच काढलेस समज. मग हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढव आणि बॉनेटवरून बोटं हलकेच फिरव. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून रव्यासारखं खरखरीत लागतं. टपावर, आरशांवर, डिकीवर, सगळीकडे फिरव. डोळ्यांना दिसतंय त्याच्या दुप्पट भागावर फवारा बसलेला सापडेल, वारा होता ना त्या दिवशी.

हे दाणे काढायला क्ले बार मिळतो, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन. मुलांच्या खेळातल्या मातीसारखा दिसतो म्हणून घरातली माती घेऊन बसू नकोस, तुझा काही नेम नाही. सर्वात सौम्य प्रकारचा घे. लाडवाएवढा तुकडा तोडून चपटा कर. वीतभर जागेवर शॅम्पूचं पाणी सढळ हाताने मार आणि तो तुकडा सरळ रेषेत पुढे-मागे सरकव, गोल गोल नाही. दाबायचं अजिबात नाही. सुरुवातीला बारीक खर्र आवाज येईल, बोटांना अडखळल्यासारखं होईल. मग आवाज बंद होतो, तुकडा लोण्यावरून गेल्यासारखा सरकतो, तिथे थांबायचं. उलटून बघ, पांढरे कण त्यात रुतलेले दिसतील. ती बाजू आत घडी घालून नवीन बाजू काढायची. आणि तुकडा जमिनीवर पडला तर पुसून वापरू नकोस, सरळ कचऱ्यात. जमिनीवरचा एक खडा पुरतो.

गडद निळ्या रंगावर क्लेनेसुद्धा थोडी अंधूक झाक उरते. घाबरू नकोस, पॉलिशच्या हाताने ती जाते. त्यावर मेण लाव, कारण क्ले रंगाबरोबर जुनं मेणही घेऊन जातो. कोणी म्हणालं “कंपाउंड मारून देतो”, तर नको म्हण. कंपाउंड दाणे काढत नाही, आजूबाजूचा थर झिजवतो. हे आजारापेक्षा औषध जालीम. ज्या ठिपक्यांना क्ले पुरत नाही, त्यांच्यापुरतं डांबर काढायचं औषध घे, तेही दाराच्या आतल्या कडेवर आधी लावून बघून.

काचेचं सोपं आहे. कोरं ब्लेड, साबणाचं पाणी आणि आडवा हात. फक्त काच, हं. काळ्या खरबरीत प्लास्टिकला आणि रबराला ब्लेड लावायचं नाही, तिथे मऊ ब्रश.

पैशांचं बोलू. गाडी धुण्याआधी फोटो काढून ठेव, तारखेसकट. बोलायचं ठेकेदाराशी, रोजंदारीच्या पोरावर ओरडून काही होत नाही. त्याला कोणी गाडी झाकायला सांगितलंच नव्हतं. शेवटचा हप्ता द्यायचाय ना अजून? मग डिटेलिंगवाल्याकडून खर्चाचा कागद आण आणि शांतपणे समोर ठेव. विम्याचं जावईबापू म्हणत असतील तर आधी हिशोब करायला सांग. दावा केला की नो क्लेम बोनस जातो, पहिल्या वर्षाचा 20 टक्के असतो, पाच वर्षं दावा नसेल तर 50. त्यात हजार-दोन हजार आपल्या खिशातून आधीच कापले जातात. एवढ्या कामासाठी विमा परवडत नाही.

आणि शेजारच्या काकांची गाडी बघितलीस का? तुझ्याच गाडीच्या पलीकडे असते ती. त्यांना फवारा सापडायच्या आधी तू जाऊन सांग, “काका, आमच्या कामाचा रंग तुमच्या गाडीवरही आला असेल, बघून घेऊ का?” काकू जरा बोलतील, बोलू दे. ठेकेदाराच्या हिशोबात त्यांचीही गाडी धर.

ग्रिलला दुसरा हात कधी मारायचाय? त्या दिवशी गाडीवर प्लास्टिक बांधू नकोस, वाऱ्याने फडफडून तेच घासतं. कोपऱ्यावरच्या गल्लीत लावून ये आणि रंगाऱ्याला सांग, गन नको, ब्रशने मार. दोन तास जास्त लागतील, लागू देत. काच तेवढी तू आज उरकून टाक. बॉनेटला मात्र मी शनिवारी येईपर्यंत हात लावू नकोस, क्ले मीच घेऊन येते.