दोन डोळ्यांचा चित्रपट

प्रस्तावना

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा नेढ्याच्या अलीकडे राहतो किंवा पलीकडे जातो. दोन्ही डोळे उघडले की तेच काम सोपे होते. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरच्या वस्तूचे किंचित निराळे चित्र दिसते. या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू वस्तूच्या अंतराचा अंदाज बांधतो, आणि तो इतक्या सहजपणे बांधतो की आपल्या ते ध्यानातही येत नाही.

त्रिमिती चित्रपट, म्हणजे बोलीभाषेतला ‘थ्रीडी’ चित्रपट, याच तत्त्वावर आधारलेला आहे. पडद्यावर डाव्या डोळ्यासाठी एक व उजव्या डोळ्यासाठी एक अशी दोन चित्रे दाखवली जातात आणि चष्म्यामुळे ज्याचे चित्र त्याच डोळ्यापर्यंत पोचते. पण ही दोन चित्रे येतात कोठून? काही चित्रपटांत ती दोन्ही चित्रीकरणाच्या वेळीच टिपलेली असतात. काहींत एकच चित्र टिपलेले असते आणि दुसरे त्यावरून नंतर तयार केले जाते. पहिल्या प्रकाराला आपण ‘मूळ त्रिमिती’ व दुसऱ्याला ‘रूपांतरित त्रिमिती’ म्हणू. तिकीट काढताना हा भेद सहसा कळत नाही. जादा पैसे मात्र दोहोंसाठी मोजावे लागतात. म्हणूनच आपल्यासमोर काय मांडले आहे, हे प्रेक्षकाला ओळखता आले पाहिजे. ते कसे ओळखावे, याचा विचार या पाठात आपण करणार आहोत.

दोन भिंगांनी टिपलेले दृश्य

दोन सपाट चित्रांतून खोलीचा भास निर्माण करता येतो, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. तेव्हा छायाचित्रणाची कला अजून जाहीरही झाली नव्हती; व्हीटस्टन यांनी हाताने काढलेल्या रेखाकृती वापरल्या होत्या. पुढे चित्रपटांनी ही युक्ती उचलली. १९५२ साली अमेरिकेत ‘ब्वाना डेव्हिल’ प्रदर्शित झाला आणि त्रिमिती चित्रपटांची एक लाटच आली. त्या लाटेतला गाजलेला चित्रपट म्हणजे १९५३ सालचा ‘हाउस ऑफ वॅक्स’. त्याचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकच डोळा होता. ज्या खोलीने प्रेक्षक थक्क झाले, ती स्वतः दिग्दर्शकाला कधीच दिसली नाही! भारतात १९८४ साली ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा मल्याळम चित्रपट आला. तो आपल्या देशातील पहिला त्रिमिती चित्रपट होय. १९९८ मध्ये तो ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदीत आला. हे सर्व मूळ त्रिमिती चित्रपट होते, कारण दुसरे चित्र मागाहून घडवण्याची सोयच त्या काळी नव्हती.

दोन भिंगांनी चित्रण करणे ऐकायला सोपे वाटते, परंतु प्रत्यक्षात ते मोठे जिकिरीचे काम आहे. चित्रपटाचे कॅमेरे आकाराने मोठे असतात. ते शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांची भिंगे आपल्या डोळ्यांइतकी जवळ येऊच शकत नाहीत. म्हणून एक कॅमेरा समोर रोखतात, दुसरा त्याच्याशी काटकोनात बसवतात आणि दोहोंच्या मध्ये अर्धपारदर्शक आरसा तिरपा लावतात. एका कॅमेऱ्याला आरशातून आरपार आलेले दृश्य मिळते, तर दुसऱ्याला आरशावरून परावर्तित झालेले. यात एक कॅमेरा केसभर जरी वरखाली झाला, तरी दोन चित्रे नीट जुळत नाहीत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ताण येतो. शिवाय पाण्यावरची किंवा गुळगुळीत पत्र्यावरची चमक आरशामुळे एका चित्रात दिसते, दुसऱ्यात नाहीशी होते. मग तो भाग पडद्यावर लुकलुकल्यासारखा भासतो.

एवढे सायास करून मिळते काय? मिळते ते असे, की दुसऱ्या डोळ्याला दिसणारा प्रत्येक बारकावा खरा असतो. वाऱ्यावर उडणारे केस, पावसाचे थेंब, धुराची वलये, काचेपलीकडचा चेहरा हे सारे दोन भिंगांनी दोन बाजूंनी पाहिलेले असते. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘ह्यूगो’ (२०११) या चित्रपटात रेल्वे स्थानकातल्या हवेत तरंगणारे कण दिसतात. त्यांच्यामुळे तिथली हवादेखील जागा व्यापून आहे असे वाटते. जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ (२००९) आणि आंग ली यांचा ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२) यांतील सजीव दृश्येही याच पद्धतीने चित्रित झाली.

परंतु मूळ त्रिमिती म्हणजे अगदी नैसर्गिक दृष्टी, असा समज करून घेऊ नये. दोन भिंगांतील अंतर डोळ्यांतील अंतरापेक्षा फार वाढवले, तर डोंगरही खेळण्यातला वाटू लागतो. लांबच्या पल्ल्याचे भिंग वापरले, तर माणसे पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी सपाट दिसतात. मुख्य म्हणजे भिंगांतील अंतराचा हा निर्णय चित्रीकरणाच्या वेळीच घ्यावा लागतो. चुकल्यास नंतर फारशी दुरुस्ती करता येत नाही.

दुसरे चित्र घडवताना

रूपांतरित त्रिमितीमध्ये चित्रीकरण नेहमीप्रमाणे एकाच भिंगाने होते. नंतर संगणकावर बसलेले कारागीर प्रत्येक चौकटीतील माणसे व वस्तू यांच्या कडा रेखून त्यांना वेगळे करतात. मग कोणता भाग किती जवळ व किती दूर, हे ठरवून एक करड्या रंगाचा नकाशा तयार केला जातो. जवळचा भाग त्यात उजळ आणि दूरचा काळसर दाखवण्याची पद्धत रूढ आहे. या नकाशानुसार चित्राचे भाग डावीकडे वा उजवीकडे सरकवले की दुसऱ्या डोळ्याचे चित्र मिळते.

खरी अडचण येथेच सुरू होते. समजा, दारात एक बाई उभी आहे. तिची आकृती थोडी सरकवली की तिच्या मागची भिंत उघडी पडते. पण भिंतीचा तेवढा तुकडा कॅमेऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो! तेथे रिकामी जागा राहते आणि ती आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने भरावी लागते. भिंत एकरंगी असेल तर हे जमून जाते. मागे झाडाची हलती पाने असतील, तर कारागिराची कसोटी लागते. चष्मा घातलेल्या माणसाची तर वेगळीच गोष्ट : चष्म्याची काच एका अंतरावर, डोळे दुसऱ्या आणि काचेतले प्रतिबिंब तिसऱ्याच अंतरावर मांडावे लागते.

चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी असतात. तीन तासांच्या चित्रपटात अडीच लाखांहून अधिक चौकटी झाल्या. हे कष्टाचे काम जगभरासाठी करणाऱ्यांत भारतातील, विशेषतः मुंबईतील, कारागिरांचा वाटा मोठा आहे. मुंबईत उभ्या राहिलेल्या प्राइम फोकस या संस्थेने ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील १९९९ च्या चित्रपटाचे रूपांतर केले. ते २०१२ मध्ये प्रदर्शित झाले. परदेशी चित्रपटाच्या शेवटी सरकणारी नामावली वाचण्याची सवय असेल, तर त्यात ओळीने भारतीय नावे आढळतात. बहुतेक प्रेक्षक मात्र तोवर बाहेर पडलेले असतात.

पाठगत प्रश्न
१. अर्धपारदर्शक आरसा वापरण्याची गरज का भासते?
२. रूपांतर करताना रिकामी जागा का निर्माण होते?

घाई आणि सवड

रूपांतरित त्रिमिती नेहमीच वाईट असते, हे मत बऱ्याच रसिकांत आजही टिकून आहे. त्याला एक कारण घडले. ‘अवतार’ला अफाट यश मिळाल्यावर इतर निर्मात्यांनाही त्रिमितीचा मोह पडला. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ हा चित्रपट साध्या पद्धतीने चित्रित होऊन तयार होत आला होता. त्याचे रूपांतर अवघ्या काही आठवड्यांत उरकून तो एप्रिल २०१० मध्ये प्रदर्शित करण्यात आला. चेहरे मुखवट्यांसारखे, केस डोक्याला चिकटवल्यासारखे, अशी टीका त्यावर झाली. चित्रपटाचे दिग्दर्शक लुई लेतेरिये यांनीही पुढे या रूपांतराबद्दल उघडपणे नापसंती व्यक्त केली.

आता दुसरे उदाहरण पाहा. मूळ त्रिमितीचे कट्टर पुरस्कर्ते असलेले कॅमेरॉन यांनीच आपल्या १९९७ सालच्या ‘टायटॅनिक’चे रूपांतर करवून घेतले. त्यासाठी सुमारे ६० आठवडे व १ कोटी ८० लाख डॉलर खर्ची पडले. २०१२ मध्ये तो चित्रपट पाहताना जहाजाच्या लांबच लांब मार्गिका, गर्दीतले एकेक डोके यांना खरोखरीची गोलाई आल्याचे जाणवत होते. तंत्राचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो वेळेचा, पैशाचा आणि शेजारी बसून प्रत्येक दृश्य तपासणाऱ्या दिग्दर्शकाचा.

आपल्याकडे ‘शोले’चे रूपांतर मुंबईच्या माया डिजिटल या संस्थेने केले आणि ते जानेवारी २०१४ मध्ये पडद्यावर आले. १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाच्या दृश्यांत खडकाळ टेकड्या, धावती आगगाडी, घोडेस्वार असा खोलीला वाव देणारा पुष्कळ ऐवज होता. तरीही मूळ दिग्दर्शक रमेश सिप्पी या रूपांतराविरुद्ध न्यायालयात गेले होते. प्रदर्शन थांबले नाही, पण कायद्याच्या पलीकडचा एक प्रश्न उरतोच. सपाट पडद्यासाठी रचलेल्या दृश्यात कोणती वस्तू पुढे आणायची व कोणती मागे ढकलायची, हा निर्णयही कलेचाच भाग आहे. ज्याने दृश्य रचले त्याच्या संमतीवाचून तो घेतला जाणे प्रस्तुत लेखकाला तरी रुचत नाही.

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) या चित्रपटाने तर दोन प्रकारांमधली भिंतच पुसट केली. त्यातील संगणकनिर्मित भाग दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्रपणे तयार करण्यात आला, तर कॅमेऱ्याने टिपलेल्या भागाचे रूपांतर झाले. अवकाशाची अथांग पोकळी प्रेक्षकाला जाणवावी, हा हेतू दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांनी प्रारंभापासून मनाशी धरला होता. त्यामुळे दृश्येही तशीच लांब, संथ, वारंवार न तुटणारी होती. दृश्य भराभर बदलत राहिले, तर डोळ्यांना नव्या खोलीशी जुळवून घ्यायला उसंत मिळत नाही, मग ते मूळ असो की रूपांतरित.

चित्रगृहात बसल्यावर

उत्तम त्रिमिती चित्रपटही वाईट चित्रगृहात फिका पडतो. चष्म्याच्या काचा बराच प्रकाश अडवतात. पडद्यावरचा उजेड साध्या चित्रपटाच्या मानाने एक तृतीयांशाच्या आसपास, कधी त्याहूनही कमी उरतो. त्यातून दिव्याची जपणूक नीट झाली नसेल, तर रात्रीची दृश्ये काळवंडून जातात. ध्रुवीकरणाचा चष्मा वापरणाऱ्या चित्रगृहात पडद्यावर धातूचा मुलामा लागतो; ‘रुपेरी पडदा’ हा शब्द तेथे अक्षरशः खरा ठरतो. अशा ठिकाणी फार कडेला बसल्यास उजेड आणखी मंदावतो, म्हणून मधली आसने घ्यावीत. डोके फार तिरके करू नये.

समोरचे दृश्य कोणत्या प्रतीचे आहे, हे पारखण्यासाठी चेहऱ्याकडे पाहावे. नाकाचा शेंडा, गाल आणि कान वेगवेगळ्या अंतरांवर आहेत काय? केसांच्या कडा स्वच्छ आहेत, की त्यांच्याभोवती मागचे चित्र ताणल्यासारखे दिसते? आरशातली आकृती आरशाच्या आत खोल आहे, की पृष्ठभागावर चिकटवली आहे? क्षणभर चष्मा काढला, तर खोली दिलेल्या भागांच्या कडा दुहेरी दिसतात. संपूर्ण दृश्यात कोठेच दुहेरी कडा नसेल, तर ते दृश्य सपाटच ठेवलेले आहे असे समजावे.

चांगला चित्रपट, चांगले चित्रगृह आणि तरीही काहींना खोली मुळीच दिसत नाही. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंद दृष्टी हे त्याचे कारण असू शकते. अनेकांना ते अशा चित्रपटातच प्रथम कळते. तसे आढळल्यास नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घ्यावेत.

शब्दार्थ
नेढे – सुईचे छिद्र. जिकिरीचे – त्रासाचे, कटकटीचे. सायास – कष्ट. ऐवज – मौल्यवान सामग्री. उसंत – सवड. मुलामा – धातूचा पातळ थर.

स्वाध्याय
१. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ आणि ‘टायटॅनिक’ यांच्या रूपांतरातील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. मूळ त्रिमिती चित्रणातही दृश्य अनैसर्गिक का दिसू शकते?
३. ‘शोले’च्या संदर्भात लेखकाने मांडलेले मत आपल्याला पटते काय? सकारण लिहा.
४. आपण पाहिलेल्या एखाद्या त्रिमिती चित्रपटातील एका दृश्याचे वर्णन करा. त्यातील खोली कथेला पोषक होती की केवळ चमत्कृतीसाठी होती, ते सांगा.