अपयशाचे वाचन : धावपटू अविनाश साबळे यांच्या वाटचालीवरून

स्मरणिकेत गुणवंतांची नावे छापली जातात. मागे राहिलेल्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र पराभवाची नोंदही विजयाइतकीच मोलाची वाटते. काय घडले आणि का घडले, याचा पुरावा पुष्कळदा पराभवातच अधिक स्पष्ट सापडतो. विद्यार्थी मित्रांनो, या दृष्टीने एका मराठी धावपटूची वाटचाल आपण अभ्यासू या.

खेळाचे स्वरूप

स्टीपलचेस ही ३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत आहे. धावपटूला २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. पाय लागला तरी हा अडथळा पडत नाही. पडतो तो धावणारा. पाण्याचा खड्डा अडथळ्याजवळ सर्वांत खोल असून पुढे उथळ होत जातो. म्हणून जो दूरवर झेप घेतो, त्याला पाणी कमी लागते.

वाटचाल

अविनाश साबळे यांचा जन्म १९९४ साली बीड जिल्ह्यातील मांडवा या गावी झाला. आईवडील वीटभट्टीवर राबत. बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू अनुभवल्यावर २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली ते स्टीपलचेसकडे वळले. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

तीन अपयशे, तीन कारणे

२०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडझडीत ते अडकले. तरीही त्यांनी शर्यत पूर्ण केली. भारताने नियमानुसार दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तेथे ते तेराव्या क्रमांकावर आले, परंतु ऑलिम्पिकची पात्रता वेळ त्यांनी गाठली. येथे अपयशाचे कारण बाहेरचे होते. मध्येच थांबले असते, तर दाद मागूनही उपयोग झाला नसता.

२०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंद हा नवा राष्ट्रीय विक्रम केला. तरीही गटात सातवे आल्याने अंतिम फेरी हुकली. स्वतःचे सर्वोत्तम देऊनही जगाचे मोजमाप पुढे होते. याला उपाय एकच : अधिक वेग.

२०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील युजीन येथे जागतिक अंतिम शर्यत अतिशय संथ झाली आणि शेवटच्या टप्प्यातील वेगावर निकाल लागला. त्यापूर्वी ८ मिनिटे १२.४८ सेकंद धावलेले साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावे आले. ताकद होती, परिस्थिती मात्र निराळी निघाली.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्ट रोजी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंना अखेरपर्यंत न सोडता त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये बुडापेस्टला पुन्हा अंतिम फेरी चुकली. पण त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते अंतिम फेरीत धावले. २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर पडून गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. म्हणजे यशानंतरही अपयशाची भेट संपत नाही.

बोध

‘मी नापास झालो’ या वाक्यात कारण नसते, केवळ निवाडा असतो. अन्याय झाला असेल, तर नियमाने दाद मागावी. तयारी अपुरी असेल, तर ती वाढवावी. तयारी असूनही प्रश्नपत्रिकेचे स्वरूप उमगले नसेल, तर सरावाची पद्धत बदलावी. कारण न शोधता स्वतःला दोष देणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे.

निराशेची किंमत किती भयंकर असते, हे यवतमाळ जिल्ह्यातील घरांना सांगावे लागत नाही. म्हणून वसतिगृहातील प्रत्येक मुलाने व मुलीने लक्षात ठेवावे : एक निकाल म्हणजे एका दिवसाची नोंद होय, संपूर्ण आयुष्याची नव्हे. अपयश एकट्याने उराशी न बाळगता शिक्षकांपुढे, मित्रांपुढे ते मोकळेपणाने मांडा.

स्वाध्याय

१. दोहा, टोकियो आणि युजीन येथील अपयशांची कारणे परस्परांहून कशी भिन्न आहेत?
२. आपल्या एका अपयशाचे कारण पाच ओळींत लिहा आणि त्यावरील उपाय सांगा.