शून्याचा इतबार

किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा एकाएकी बंद पडला, तर दुकानदाराचे फारसे अहित होत नाही. थोडी गैरसोय, दुरुस्तीचा खर्च आणि दोन-चार गिऱ्हाइकांची नाराजी एवढ्यावर ती बाब निभावते. खरे संकट निराळेच आहे. अतिभाराने आतून दुखावलेला काटा बाहेरून धडधाकट दिसत राहतो, त्याचे तांबडे आकडे पूर्वीच्याच तेजाने उजळतात, आणि त्यांच्यावर विसंबून दिवसभराची देवघेव बिनदिक्कत चालू राहते. खारघरमध्ये किराणा-भुसाराचा व्यवसाय करताना हा प्रकार माझ्या दुकानी घडला आणि पुढे व्यवसायबंधूंच्या दुकानीही पाहावयास मिळाला. सबब त्याचा तपशील मांडण्याची ही तजवीज.

सिडकोने वसवलेल्या या नगरातील आमच्यासारखी बरीच दुकाने इमारतींच्या तळमजल्यावरील अरुंद गाळ्यांत आहेत. सकाळी तुर्भ्याच्या दाणा बाजारातून टेम्पो आला, की पाय ठेवावयासही जागा उरत नाही, आणि खांद्यावरचे ओझे क्षणभर टेकवण्यास गल्ल्याची उंची हमालाला मोठी सोयीची वाटते. अशाच एका सकाळी साखरेची ५० किलोची गोणी ३० किलो क्षमतेच्या काट्यावर धाडकन आदळली. आकडे नाहीसे होऊन आडव्या रेघा उमटल्या. गोणी उचलली गेली, नोकराने काटा बंद करून पुन्हा सुरू केला, पडद्यावर शून्य आले, आणि काही बिघडले नसल्याचा निर्वाळा सर्वानुमते देण्यात आला. पुढे एका चौकस गृहिणीने तूरडाळीची पिशवी काट्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकवली आणि आकडा का बदलला, असे विचारले, तेव्हा त्या निर्वाळ्याचे मोल कळले.

काट्याच्या ताटाखाली ॲल्युमिनियमचा एक कोरीव ठोकळा असतो. त्याला लोडसेल म्हणतात. वजन पडले की तो डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, आणि त्याला चिकटवलेल्या सूक्ष्म तारजाळ्यांचा विद्युत-रोध त्या वाकण्याच्या प्रमाणात बदलतो. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही युक्ती आज कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्याही सेवेला हजर आहे. धातू आपल्या स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत वाकला तर पूर्वस्थितीला येतो. मर्यादा ओलांडली गेली, तर पोक आलेल्या माणसाप्रमाणे त्याला कायमचा बाक राहतो. सर्वसाधारण लोडसेल क्षमतेच्या दीडपटीपर्यंतचा भार इजा न होता सोसतो, परंतु हा हिशेब हलकेच ठेवलेल्या वजनाचा आहे. वजन ताटाला टेकवून एकदम सोडले, तरी क्षणभर त्याचा दाब दुपटीच्या घरात जातो, आणि ते वरून टाकले तर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून वीस किलोची पिशवी, क्षमतेच्या आत असूनही, आपटल्यास घातक ठरू शकते.

शून्याविषयी तर आपला फार मोठा गैरसमज आहे. काटा सुरू होताना रिकाम्या ताटाचा जो काही भार त्याला जाणवेल, त्यालाच तो शून्य मानतो, आणि ही मुभा त्याला क्षमतेच्या पाचव्या हिश्शापर्यंत असू शकते. अर्थात लोडसेलला बाक येऊन मूळ शून्य ढळले असले, तरी कळ दाबताच ते झाकले जाते. आरोपीनेच पंचनामा लिहावा, तसला हा कारभार आहे. आडव्या रेघांचीही तीच गत. त्या केवळ इशारा देतात, लोडसेलवरचा भार हलका करीत नाहीत.

खरे संरक्षण ताटाखालच्या थांब-स्क्रूंकडे असते. ताट ठरावीक अंतराहून अधिक खाली जाऊ लागले, की ते त्यांवर टेकते आणि उरलेला भार काट्याच्या बुडावर जातो. स्वस्त काट्यांत ते असतातच असे नाही, म्हणून खरेदीच्या वेळी चौकशी करावी. मात्र ताटाखाली तांदूळ, साबुदाणा साचला, तर ताट वेळेपूर्वीच अडते आणि वजन कमी दिसते. यासाठी ताट काढून कुंचल्याने झाडणे नित्याचे असावे. काटा हलविताना ताटाला धरून कधीही उचलू नये, कारण लोडसेलवर उलट्या दिशेने येणारा हा ताण अडविणारा स्क्रू बहुतेक ठिकाणी नसतोच. क्रेट ठेवून टेअरची कळ दाबली म्हणजे तेवढी क्षमता खर्ची पडली, हेही विसरले जाते: दोन किलोच्या क्रेटनंतर तीस किलोच्या काट्यावर अठ्ठावीसच किलो उरतात. तान्ह्या मुलांना कौतुकाने काट्यावर बसविण्याची हौस आमच्याकडे अनेक आयांना आहे. नाही म्हणणे जड जाते, पण म्हणावे, कारण चुळबुळणारे मूल धक्क्यांवर धक्के देते.

गोण्यांसाठी आम्ही जमिनीवर मोठ्या क्षमतेचा निराळा काटा ठेवला आणि हमालांसाठी टेम्पोपाशी एक लाकडी मंचक दिला. माझ्या मते कोणत्याही सूचनाफलकाहून हा मंचक अधिक परिणामकारक आहे.

काट्यावर आघात झाल्याची शंका आली, की मुद्रांकित वजने घेऊन खातरजमा करावी. क्षमतेच्या तृतीयांश, म्हणजे तीस किलोच्या काट्यावर दहा किलो, क्रमाने चारही कोपऱ्यांवर ठेवावेत. आकडे जुळले नाहीत, तर लोडसेल दुखावला आहे असे समजून काटा वापरातून काढावा. कोपरे जुळले, तरी पूर्ण क्षमतेच्या जवळचे वजन काही वेळ ठेवून आकडा सरकतो का, हेही पाहावे.

पुढची पायरी कायद्याची आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खालील नियमांप्रमाणे अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी होते, परंतु मधल्या काळात सील तोडून दुरुस्ती झाली, तर जुन्या मुद्रेचा आधार संपतो. म्हणून परवानाधारक दुरुस्तीकाराखेरीज कोणालाही सीलला हात लावू देऊ नये, आणि नवा लोडसेल बसल्यावर निरीक्षकाकडून फेरपडताळणी होऊन मुद्रा उमटेपर्यंत काटा गल्ल्यावर आणू नये. तोवर शेजारच्या दुकानदाराकडून मुद्रांकित काटा मागून घ्यावा. आमच्या भागात तो सहसा मिळतो.