लॅपटॉपचा अंधारलेला पडदा

लॅपटॉपची कळ दाबली, आतील पंखा फिरू लागला, परंतु पडदा काळाच राहिला, की पडदा निकामी झाला असे बहुधा मानले जाते. पुष्कळदा या समजुतीपायी नवा पडदा विकत घेतला जातो आणि तो बसविल्यावरही अंधार तसाच राहतो. कारण बिघाड मुळी पडद्यात नसतोच.

हे कसे घडते ते समजण्यासाठी द्रवस्फटिकाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना १८८८ मध्ये असे आढळले की, कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५° से. तापमानाला वितळून गढूळ द्रव होतो आणि १७८.५° से. ला तो द्रव एकाएकी स्वच्छ होतो. गढूळ अवस्थेत तो द्रवाप्रमाणे वाहतो, मात्र त्याचे रेणू स्फटिकाप्रमाणे दिशा राखतात. अशाच पदार्थाचा अतिशय पातळ थर पडद्यातील दोन काचांमध्ये असतो. विद्युत्‌दाब दिला की रेणू वळतात आणि बाहेरील ध्रुवकांच्या साहाय्याने प्रकाश अडवितात किंवा जाऊ देतात. म्हणजे द्रवस्फटिक ही खिडकीची झडप होय, दिवा नव्हे. दिवा मागे असतो. पूर्वी, २०१० च्या सुमारापर्यंतच्या अनेक लॅपटॉपांत, तो पाऱ्याच्या वाफेची बारीक नळी असे; पुढे तिची जागा पडद्याच्या कडेला बसविलेल्या एल. ई. डी. च्या पट्टीने घेतली.

दिवा विझला तरी झडपा आपले काम करीतच राहतात. म्हणून पहिली कसोटी विजेरीची. अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप सुरू करून विजेरी पडद्याजवळ तिरपी धरावी. अक्षरे वा चित्रे पुसट दिसली, तर पडदा चित्र घडवीत आहे, केवळ मागचा प्रकाश नाही, हे सिद्ध होते. (ओ. एल. ई. डी. पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने त्याला ही कसोटी लागू पडत नाही.) काहीच दिसले नाही, तर बाहेरचा पडदा जोडून पाहावा. त्यावर चित्र आले, तर चित्र निर्माण करणारा भाग बहुधा ठीक असतो.

पुसट चित्र दिसल्यास दोष प्रकाशाच्या मार्गात शोधावा. सर्वांत आधी संशय घ्यावा तो बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. झाकण उघडता-मिटताना तिच्यातील केसासारख्या तारा दररोज वाकतात आणि अखेरीस एखादी तुटते. झाकण विशिष्ट कोनात धरल्यावर प्रकाश क्षणभर येत असेल, तर हाच दोष जवळजवळ निश्चित समजावा. त्याखेरीज मुख्य फलकावरील चिमुकला फ्यूज, एल. ई. डी. ना वीज पुरविणारे मंडल, अथवा ती पट्टी यांचीही परीक्षा करावी लागते. कधी दोष कुठेच नसतो! झाकण मिटल्याची खूण अनेक यंत्रांना चुंबकामुळे पटते. जवळ दुसरे चुंबक असले, तर उघडा लॅपटॉपही झाकण मिटले असे मानून दिवा विझवितो.

केबल काढण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून आतील बॅटरीची जोडणी सोडवावी. यंत्र बंद दिसत असतानाही त्या जोडणीत वीज असू शकते, आणि केबल किंचित तिरपी बसली तरी तो फ्यूज जळतो. नळीच्या जुन्या लॅपटॉपांत तर दिव्याला शेकडो व्होल्टचा दाब दिलेला असतो; ते चालू असताना उघडू नयेत.