आरसीवर पुराचा शिक्का नसतो

सांगली,
9 ऑक्टोबर 2025

चि. सायलीस,


परवा ताईचा फोन झाला. तिचे गुडघे, नवी कामवाली, अनूची शाळा असं सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सायलीनं गाडी ठरवली बरं का. पाडव्याला दारात येणार." मला फार बरं वाटलं. पण काल मंदार आला आणि त्यानं बाकीचं सांगितलं. वॅगनआर, 2019 सालची, एमएच 08 पासिंग, मालक चिपळूणचा, रनिंग फक्त बावीस हजार आणि किंमत दोन साठ. एकवीस हजार टोकन तू फोनवरून पाठवूनही मोकळी झालीस. मंदार हे कौतुकानं सांगत होता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

अगं, त्या सालच्या वॅगनआरला लोक चार लाखांच्या आसपास मागतात. ही दोन साठला का? चिपळूणच्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगली माणसं आहेत. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? एवढं एक विचारलंस का?

विचारलं नसणार. मंदार म्हणाला, गाडी तुम्ही रात्री आठ वाजता बेसमेंटच्या पार्किंगमध्ये बघितली, रोहितराव ऑफिसातून उशिरा आले म्हणून. लग्नाची साडी आपण दुकानाच्या दारात नेऊन उजेडात बघतो, आणि गाडी तळघरात बघितलीस! कोणाच्या तरी ओळखीतली आहे म्हणे. ओळखीतली म्हणजे कोणाच्या ओळखीतली? आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस तू पाहिलास का? की "सही केलेले फॉर्म आमच्याकडे आहेत, काळजी करू नका" असं सांगणारा मधलाच कोणी?

तुला ठाऊक आहे, माझं सगळं आयुष्य आरटीओच्या टेबलाशी गेलं. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मला डोळे मिटून ओळखता येतात. जुन्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवलेले कोरे फॉर्म तीन-तीन हातांतून फिरत आलेले मी पाहिलेत. अशी गाडी नावावर न करता चालवणं दोन्हीकडून धोक्याचं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, अपघाताची जबाबदारी त्याचीच. म्हणून खरा मालक समोर येऊन, आपलं ओळखपत्र दाखवून, तुझ्यासमोर सही करेल तरच पुढे जायचं. आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का बघ. असेल तर तो उतरल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. चलनं परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून कळतात. 1 एप्रिल 2019 च्या आधीची नोंद असेल तर नवी नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघ. विम्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्यायची. हे सगळं तुला जमेल, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

पण सायली, कागदांची मला भीती नाही. कागद सगळे नीट असतील. तेच तर मला सांगायचंय. आरसीवर पुराचा शिक्का नसतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. तेव्हा आम्ही विश्रामबागेत वर होतो म्हणून वाचलो, पण मारुती चौक, हरभट रोड, सगळा गावभाग पाण्यात होता. पाणी उतरल्यावर मी मावसजावेकडे गेले, तर गल्लीत ओळीनं गाड्या, सगळ्यांच्या काचांवर आतून चिखलाची एकसारखी रेघ. त्यांचं पुढे काय होतं ठाऊक आहे? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पाऊण हिश्शाच्या वर गेला की कंपनी तिला टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. लिलावात कोणी तरी घेतो, उघडून धुतो, वाळवतो, सीटकव्हर नवं चढवतो, परफ्यूम मारतो. आणि जिथे पूर आला नव्हता अशा गावात नेऊन विकतो. मोडीत निघाली असं कोणी कळवलंच नाही, तर आरसी आपली जिवंतच. माझ्या टेबलावर अशी आरसी आली असती तर मीसुद्धा शिक्का मारून पुढे सरकवली असती. कागदात खोट काय काढणार?

आमच्याकडे एक मोटार वाहन निरीक्षक होते, फार कमी बोलायचे. गाडी तपासताना ते बॉनेट उघडण्याआधी सीटबेल्ट ओढायचे. शेवटपर्यंत, अगदी बाहेर येईल तेवढा. धुणारा माणूस सगळं धुतो, पण गुंडाळीतला पट्टा शेवटपर्यंत कोणी धूत नाही. तिथे मातकट डाग दिसतो. मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवायचे, कोपऱ्यात गाळ राहिलेला असतो. सीट पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांवरचा गंज, सीटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा, मॅटखालचं कार्पेट उचलून त्याचा वास. काचा बंद करून हीटर लावायचा आणि पाच मिनिटं आत बसायचं. तू हे सगळं कर. दिवसा कर, रोहितरावांना घेऊन. शिवाय गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि जुन्या नोंदी मालकाकडून मागवून घे. जुलै 2021 नंतर ती गाडी कधी आणि कशासाठी आत आली होती, ते बघ. बावीस हजार रनिंगचंही खरं-खोटं तिथेच कळेल. सहा वर्षांत बावीस हजार! गाडी एवढी कमी चालली असेल तर त्याला काही तरी कारण असतं.

तू म्हणशील, चालतेय ना छान, मग झालं. चालते गं, तीच तर मुश्कील आहे. पाण्याचा त्रास लगेच दिसत नाही. वायरिंगच्या सॉकेटांत गंज हळूहळू धरतो, वर्ष-दोन वर्षांनी कधी लाइट जातो, कधी चालू गाडी बंद पडते. आणि एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा जो डबा असतो, तो बऱ्याच गाड्यांत दोन पुढच्या सीटांच्या मध्ये खाली, जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी सगळ्यात आधी तिथेच शिरतं. एअरबॅग रोज उघडून कोणी बघत नाही. ती उघडायला हवी तो दिवस एकदाच येतो आणि त्या दिवशी मागच्या सीटवर अनू असणार.

हे लिहिताना मला राग आलाय, हे तुला कळत असेल. एक लाख चाळीस हजार वाचले म्हणून टाळ्या वाजवण्याइतकी तू लहान नाहीस. घरात कोणालाही विचारलं नाहीस याचंही वाईट वाटलं. एरवी वॉशिंग मशीन घेताना मला तीन फोन केले होतेस.

पण मला हेही कळतं की तू का विचारलं नाहीस. विचारलं असतं तर मावशी म्हणाली असती, "थांब, बघू." मावशीचं थांब-बघू घरात सगळ्यांना पाठ आहे.

लायसन्स काढलं तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान होते. ऑफिसातल्या बायकांपैकी मी पहिली. तेव्हा ऑफिसात सगळे पुरुष गाड्यांवरच बोलायचे. डॉक्टरची गाडी घ्यावी, वकिलाची घेऊ नये, असलं काहीबाही. मी ऐकत बसायचे आणि मनात पैसे मोजायचे. एक पांढरी मारुती 800 चालून आली होती, मालक निवृत्त शिक्षक, गाडी अगदी राखलेली. पैसेही होते. सगळे म्हणाले, घरात स्कूटर आहे, दोन माणसांना कशाला गाडी. आणि मलाही ते पटल्यासारखं झालं. कार्ब्युरेटर बिघडला तर, टायर गेले तर, रस्त्यात बंद पडली तर. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांची दुःखं टेबलावर येत, ती मी घरी घेऊन जायचे. ती 800 दुसऱ्या कोणी नेली. मग नवी घेऊ म्हणत राहिले, तीही नाही.

अण्णा गेले त्या रात्रीबद्दल ताईनं तुला सांगितलंच असेल. मिरजेचं हॉस्पिटल इथून फार लांब नाही. पण पाऊस होता, रिक्षा मिळेना, आणि मी शेजाऱ्यांच्या जीपची किल्ली मागायला दारोदार फिरत होते. ती पांढरी गाडी असती तर अण्णा राहिले असते असं मी म्हणत नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण मागच्या सीटवर आडवं होऊन तरी गेले असते. आता सोड ते.

तेव्हा गाडी घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. गाडी घेच. फक्त ही नको, निदान असं घाईनं नको. पाडवा 22 तारखेला आहे, त्यानंतरही दिवस आहेत. तुळशीच्या लग्नाला आण, मार्गशीर्षात आण, मी मुहूर्त काढून देते.

सरकारनं 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के केला, सेसही गेला. त्यामुळे ऑल्टोचं साधं मॉडेल शोरूमच्या भावानं आता चार लाखांच्या आत येतं. त्यावर आपला 11 टक्के रोड टॅक्स आणि विमा धर. तुमच्या बजेटबाहेर जाते, पण फार बाहेर नाही. जुनीच घ्यायची तर पाच-सहा वर्षांची टियागो बघ. ग्लोबल एनकॅपनं ठोकून पाहिली तेव्हा तिला चार तारे मिळाले होते. 2019 च्या वॅगनआरला दोन. आणि कुठलीही घे, पण पुढच्या डाव्या सीटला एअरबॅग आहे ना ते स्वतः बघ. 2019 साली ड्रायव्हरसमोरची सक्तीची झाली, डावीकडची सगळ्या नव्या गाड्यांना लागू व्हायला 2022 उजाडलं. त्या डाव्या सीटवर ताई बसणार आहे. गुडघ्यांमुळे तिला मागे बसता येत नाही. ई-20 पेट्रोलवर व्हॉट्सअॅपला रोज काही ना काही येतं, ते सगळं मनावर घेऊ नकोस. मेकॅनिकला पेट्रोलचे रबरी पाइप तेवढे बघायला सांग.

पैशाचं म्हणशील तर माझी एक एफडी नोव्हेंबरात सुटते. त्यातले सव्वा लाख तुझे. व्याज नको, घाई नको, आणि रोहितरावांना सांगायचं की नाही ते तू ठरव. टोकनचे एकवीस हजार परत मिळाले तर बरंच. नाही मिळाले तर गेले. त्या मधल्या माणसाशी भांडत बसू नकोस, तुला भांडता येत नाही, रडू येतं. आणि ताईला काय सांगायचं ते मी बघते. "गाडीचा रंग आवडला नाही" म्हणून सांगेन, तिला ते लगेच पटेल.

उद्या उजेडात जाऊन सीटबेल्ट ओढून बघ, मग मला फोन कर. पट्टा स्वच्छ निघाला, कार्पेट कोरडं निघालं, सर्व्हिसच्या नोंदी सलग निघाल्या आणि मालक समोर आला, तर मी मुकाट्यानं गप्प बसेन आणि तुझ्या गाडीला हार आणेन. म्हातारीनं उगाच ओरडा केला म्हण आणि हस. चालेल मला.

गाडी कुठलीही येऊ दे, पहिली लांबची चक्कर इकडे कर. रात्री निघू नकोस. खंबाटकी उजेडात ओलांड, पेठनाक्यावरून आत वळलीस की फोन लाव, आष्ट्याला पुन्हा लाव. गणपतीच्या देवळासमोर पूजा करू. मग नदीकाठी जरा मोकळं मैदान बघून मला एक चक्कर मारू दे. मार्चमध्येच पुढच्या पाच वर्षांसाठी लायसन्स वाढवून आणलंय. का आणलं ते मला विचारू नकोस. क्लच सुटला आणि गाडी उड्या मारायला लागली तर अनूला हसू दे, तू मात्र हँडब्रेकवर हात ठेव.

तुझी,
मावशी

ता.क. अनूला गाडी लागते ना? तिच्यासाठी आवळासुपारी वाळत घातलीय. मंदार रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा धाडते. त्यातली थोडी तुझ्यासाठीही आहे, सगळी तिला देऊ नकोस.